सांगली-मिरज रस्त्यावरचा हृदयाचा आयसीयू: बाहेर बसलेल्या नवऱ्याचा अभिप्राय

हा अभिप्राय एका खासगी हॉस्पिटलच्या हृदयविकार अतिदक्षता विभागाचा आहे. हॉस्पिटल सांगली-मिरज रस्त्यावर आहे. नाव लिहीत नाही. यात तक्रारीही आहेत, आणि ज्यांनी माझ्या बायकोसाठी रात्री जागून काढल्या त्यांच्या नावाला त्या तक्रारी कायमच्या चिकटाव्यात असं मला वाटत नाही. शिवाय इमर्जन्सीत कुणी अभिप्राय वाचून हॉस्पिटल निवडत नाही. गाडी जिथं लवकर पोचते तिथं आपण जातो. आत गेल्यावर मात्र बऱ्याच गोष्टी आपल्या हातात असतात आणि त्या आधी कुणी सांगितलेल्या नसतात. त्यासाठी लिहितोय.

गुण आधीच देऊन टाकतो. उपचाराला पाचपैकी पाच. आयसीयूतल्या सिस्टर आणि ब्रदरना पाच. रोज नातेवाइकांशी बोलण्याच्या पद्धतीला पाच. नातेवाइकांच्या हॉलला दोन, औषधांच्या दुकानाला दोन, वॉर्डला तीन. यांची सरासरी काढू नये. कारण पहिल्या तीन गोष्टी नसत्या तर बाकीच्यांबद्दल बोलायला मी बसलोच नसतो.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. बायको शिवणकाम करते. लहानपणी तिला घसा दुखून ताप यायचा, सांधे सुजायचे. संधिवाताचा ताप म्हणतात तो. त्यात हृदयाची झडप खराब झाली आणि मोठेपणी ती बदलावी लागली. डाव्या बाजूची, मायट्रल. कृत्रिम झडप, दोन पाकळ्यांची. अशी झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि अधूनमधून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासावा लागतो. तिचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये असायला हवा असं लिहून दिलेलं. हे सगळं आमच्या घरात पाठ होतं. त्या झडपेचा बारीक टिकटिक आवाज येतो. रात्री पंखा बंद असला की मला शेजारी झोपून ऐकू यायचा. वर्षानुवर्षांची सवय, त्याच्यावरच झोप लागायची.

दाढ काढायची होती तेव्हा दातांच्या दवाखान्यात गोळी बंद करायला सांगितलं आणि परत कधी सुरू करायची ते नीट सांगितलंच नाही. दाढ निघाली. त्यानंतर तिला जिना चढताना दम लागायला लागला. मग एका रात्री आडवं पडलं की घुसमटायला लागली, उठून बसली की जरा बरं. आणि मला टिकटिक ऐकू येईना. कान लावला तरी नीट येईना, नुसतं काहीतरी मऊ धपधप. १०८ ला फोन केला. शामरावनगरच्या आमच्या बोळात गाडी शिरली नाही, तेव्हा खुर्चीत बसवून तिला बाहेर रस्त्यापर्यंत आणलं. गाडीत ऑक्सिजन लावला आणि निघालो.

कॅज्युअल्टीत जी मेडिकल ऑफिसर होती, वयानं माझ्या पुतणीएवढी, तिनं पहिलं काय विचारलं असेल तर झडप कुठली, केव्हा बसवली, गोळी चालू आहे का, शेवटचा आयएनआर किती. डिपॉझिटचं नंतर. झडपेचं कार्ड आणि आयएनआरची वही आम्ही कायम एकाच पिशवीत ठेवतो, ती मी काढून दिली. तिनं छातीला स्टेथोस्कोप लावला, पुन्हा लावला, आणि लगेच वरच्या सरांना फोन केला. "क्लिक मफल्ड आहे सर," एवढं मला ऐकू आलं. जे मला रात्री अंथरुणात कळलं होतं तेच ती डॉक्टरांना सांगत होती. तेवढ्यावर माझा त्या जागेवर विश्वास बसला. आयएनआर आला १.३.

कार्डिओलॉजिस्ट सरांनी मला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं. क्ष-किरणाखाली झडपेच्या दोन पाकळ्या रेघांसारख्या दिसतात. एक उघडमीट करत होती, दुसरी एकाच जागी. सर म्हणाले, "शेती आहे का तुमची?" म्हटलं गावाकडं भावाकडं आहे, विहिरीवर मोटर आहे. "मग फूटव्हॉल्व्ह माहीत असेल. त्यात गाळ अडकला की काय होतं?" म्हटलं पाणी चढत नाही. "तेच झालंय. गाळाच्या जागी रक्ताची गुठळी आहे. पुढं रक्त जात नाही, म्हणून मागं फुप्फुसात पाणी साठलंय." दोन वाक्यांत मला कळलं. नंतर ज्या ज्या नातेवाइकानं विचारलं त्याला मी हेच सांगितलं आणि प्रत्येकाला कळलं.

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे पुन्हा ऑपरेशन करून झडप बदलायची. पण फुप्फुसं पाण्यानं भरलेली, प्रेशर कमी, अशा अवस्थेत दुसऱ्यांदा छाती उघडण्यात जिवाला मोठा धोका. दुसरा, गुठळी विरघळवणारं औषध सलाईनमधून हळूहळू द्यायचं. स्ट्रेप्टोकायनेज. जुनं औषध, त्या मानानं स्वस्त. आधी अडीच लाख युनिट अर्ध्या तासात, मग दर तासाला एक लाख, आणि मधूनमधून बघत राहायचं. धोका दोन प्रकारचा. कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो, मेंदूतसुद्धा. आणि गुठळी फुटून तुकडा मेंदूकडं गेला तर अर्धांगवायू. "नुकतीच दाढ काढलीय, तिथून रक्त येणार हे धरूनच चला," हेही त्यांनीच सांगितलं. त्यांनी मला घाई केली नाही, पण वेळ किती आहे तेही लपवलं नाही. "तासाभरात सुरू करायला हवं," म्हणाले.

इथं पहिली तक्रार. संमतीपत्र संपूर्ण इंग्रजीत. मी आयुष्यभर हिशेबाचे कागद वाचत आलोय, पण त्या वेळी त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. मी म्हटलं, मराठीत द्या. मराठी छापील नव्हतं. रजिस्ट्रार डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्याच कागदाखाली हातानं मराठीत लिहिलं: कोणतं औषध, कशासाठी, काय होऊ शकतं, दुसरा पर्याय काय होता. मग मी सही केली. आपल्याला समजणाऱ्या भाषेत समजावून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ साली सुधारले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. तिथं ते लिफ्टशेजारी लावलेलं होतंही, फक्त समोर पाण्याचा कूलर ठेवल्यामुळं वाचता येत नव्हतं. कूलर हलवायला सांगितल्यावर हलवला. आमच्याकडं अथणी, जमखंडी, रायबागकडून एवढे पेशंट येतात. मराठी छापील फॉर्म तर हवाच, कानडीही हवा.

ती रात्र मी आयसीयूच्या दारात काढली. नियमानं सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी पाच-पाच मिनिटं आत सोडतात, पण औषध चालू असेपर्यंत मला अधूनमधून आत घेत होते. कारण सिस्टरना माझा उपयोग होता. औषध चालू असताना मेंदूवर काही परिणाम होतोय का हे सतत बघावं लागतं. दर तासाला सिस्टर यायची, "काकी, नाव सांगा. हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. माझी बोटं दाबा." बायकोच्या तोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबानं हवा देणाऱ्या मशिनचा, घट्ट मास्क, दाढेच्या जागी गॉजचा बोळा. बोलणं कळायचं नाही. ती नेहमी अशीच बोलते का आत्ताच जीभ जड झालीय, हे सिस्टरना कसं समजणार? ते मला समजत होतं. सिस्टरनी मला शिकवलं की चेहरा एका बाजूला ओढलाय का बघा, हात खाली येतोय का बघा, शब्द अडखळतोय का ऐका. बाहेर नुसतं बसून राहण्यापेक्षा या कामानं मला जेवढा आधार दिला तेवढा कुणाच्या सांत्वनानं दिला नसेल.

दाढेतून रक्त आलंच. रात्रभर येत राहिलं. सिस्टर गॉजची घडी करायची, औषधात भिजवायची, दाढेच्या खड्ड्यात ठेवून बोटानं दाबून धरायची. मास्क काढला की ऑक्सिजन खाली जातो, म्हणून सगळं पटकन करायचं. मी घड्याळाकडं बघत उभा राहायचो आणि ती बोट न हलवता वाकून उभी. मग मास्क, मग परत थोड्या वेळानं तेच. पहाटेकडं तिनं बायकोचे ओठ ओल्या कापडानं पुसले आणि नाकावर मास्कचा वळ उठला होता तिथं पट्टी लावली, पुढं जखम होऊ नये म्हणून. असली कामं कुणाच्या बिलात दिसत नाहीत, म्हणून इथं लिहिली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे मुख्यतः लिहायला बसलो ती. या विभागात रोज दुपारी साडेबारा वाजता प्रत्येक पेशंटच्या एका नातेवाइकाला छोट्या खोलीत बसवून डॉक्टर बोलतात. उभ्याउभ्या नाही, लिफ्टपाशी नाही. बसून. काल काय झालं, आज काय करणार, आणि आत्ता आम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची आहे, या क्रमानं. तिसरं वाक्य फार महत्त्वाचं. "आज काळजी लघवीची आहे. प्रेशर कमी राहिल्यामुळं किडनीला कमी रक्त पोचलंय, तासाला किती लघवी होते त्यावर आमचं लक्ष आहे." एवढं कळल्यावर त्या दिवशी मी मॉनिटरवरच्या प्रत्येक आकड्याकडं बघून घाबरलो नाही. युरिन बॅगेकडं बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी काळजी ठोक्यांची होती. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि ठोके बेताल, जोरात पडतात, त्यात पुन्हा गुठळी होण्याची भीती असते. तेही असंच सांगितलं. कधी कधी ते म्हणायचे, "उद्यापर्यंत मला सांगता येणार नाही." मला ते वाक्य खोट्या धीरापेक्षा कितीतरी बरं वाटलं.

ज्यांचा माणूस आत आहे त्यांनी अशी ठरलेली वेळ मागून घ्यावी. "डॉक्टर येतील तेव्हा बोलतील" यावर थांबू नये. घरातलं एकच माणूस बोलायला ठरवावं, त्यानं वहीत लिहावं आणि बाकीच्यांना कळवावं. आमच्याकडं सुरुवातीला मेहुणा एक विचारून यायचा, चुलतभाऊ दुसऱ्याच सिस्टरला विचारून यायचा, आणि हॉलमध्ये दोघांच्या दोन बातम्या. बायकोच्या आईला त्याचा फार त्रास झाला. मग मी म्हटलं, बोलणार मी एकटा. संध्याकाळी वहीतलं पान फोटो काढून सगळ्यांना पाठवायचो.

याच्या अगदी उलट अनुभव रात्रीच्या फोनचा. एका रात्री ऑपरेटरचा फोन आला, "आयसीयूत ताबडतोब या." बस्स. फोन बंद. मी हॉलमध्येच होतो म्हणून बरं. घरून येणाऱ्या माणसाचं वाटेत काय होईल? वर गेलो तर बायको जिवंत होती, बोलत होती, पण डावा हात जड झाला होता. औषध तिथल्या तिथं थांबवलं होतं. रजिस्ट्रार सीटी स्कॅनला न्यायच्या तयारीत, सर घरून निघाले होते. स्ट्रेचर लिफ्टमध्ये घेताना ब्रदरच्या एका हातात ऑक्सिजनचा सिलिंडर, दुसऱ्या हातात सिरिंज पंप. सीटीत रक्तस्राव नव्हता. बारीक तुकडा गेला असावा आणि विरघळला असावा, असं सरांनी सांगितलं. सकाळपर्यंत हातात ताकद आली. तिनं माझं बोट दाबलं, मी म्हटलं अजून जोरात, तर चिडून दाबलं. उपचारात एका मिनिटाचीही हयगय झाली नाही. पण फोनवर "जिवंत आहेत, हाताला त्रास होतोय, स्कॅनसाठी सही हवी" एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो? हे मी त्यांना लेखी दिलंय.

त्याच सकाळी इको केला तेव्हा झडपेवरचा दाब बराच उतरला होता. पुन्हा क्ष-किरणाखाली बघितलं, दोन्ही पाकळ्या हलत होत्या. सरांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला. टिक, टिक, टिक, जरा वेडावाकडा ताल, पण धातूवर धातू आपटावा तसा स्वच्छ आवाज. मला तिथं रडू आलं आणि कुणी मला बाहेर काढलं नाही.

यानंतरही आठवडाभर तिथंच. रक्त पातळ ठेवायला हेपॅरिन, सोबत तिची नेहमीची गोळी, आयएनआर वर येईपर्यंत दोन्ही. या दिवसांत एक गोष्ट घडली ती कुणी आधी सांगितली असती तर मी एवढा घाबरलो नसतो. बायकोला भास व्हायला लागले. कोपऱ्यात हळदीची पोती कुणी ठेवली म्हणून विचारायची. मला ओळखायची, पण आपण गावाकडच्या घरी आहोत असं तिला वाटायचं. सलाईनची नळी ओढायला लागली. मला वाटलं मेंदूत काही झालं. सिस्टर म्हणाली, आयसीयूत असं बऱ्याच जणांना होतं. दिवस-रात्र एकच लाइट, झोप नाही, सतत अलार्म, त्यात आजार. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. सिस्टरचा पुढचा प्रश्न मात्र मला फार आवडला. "काकींना चष्मा आहे का?" होता, घरी कपाटात. "तो आणा. त्यांना भिंतीवरचं घड्याळच दिसत नाहीये." चष्मा आणला. मला सांगितलं, आत आलात की वार सांगा, वेळ सांगा, घरच्या गोष्टी बोला, वाद घालू नका. खिडकीकडचा बेड रिकामा झाला तेव्हा तिला तिकडं हलवलं. हळूहळू पोती गेली. ज्यांच्या घरात असं होईल त्यांनी चष्मा, कानाचं मशिन, कवळी, जे काही त्या माणसाचं रोजचं आहे ते विचारून आत पोचवावं.

हॉलबद्दल थोडं. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून या भागात लांबलांबून माणसं उपचाराला येतात. पेशंटबरोबर घर येतं, हे इथल्या हॉस्पिटलांना सांगायला नको. तरीही नातेवाइकांच्या हॉलमध्ये लोखंडी जोडखुर्च्या, प्रत्येक खुर्चीला हात, म्हणजे आडवं व्हायची सोय नाही. सगळे जमिनीवर चटई टाकून. रात्रभर सगळे दिवे चालू. टीव्हीवर बातम्या मोठ्यानं. चार्जिंगचे पॉइंट दोन, आणि घरून येणारा प्रत्येक निरोप फोनवर. बायकांसाठी स्वच्छतागृह एक मजला खाली. अथणीकडच्या एक आजी, मुलगा आत, गुडघे दुखतात, दर वेळी लिफ्टची वाट बघत उभ्या. त्या रोज मला कानडी-मराठी मिसळून विचारायच्या, जेवलास का म्हणून, आणि नाही म्हटलं की भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं करायच्या. हॉस्पिटलनं काही केलं नाही ते त्या आजींनी केलं. तुम्ही जात असाल तर न्या: चटई, पातळ चादर, एक्स्टेन्शन बोर्ड, पाण्याची बाटली, डोळ्यांवर टाकायला रुमाल. आणि आपल्या बीपी-शुगरच्या गोळ्या. हॉलमध्ये दोन माणसांना चक्कर आलेली मी बघितली, दोघांनीही गोळ्या घरी ठेवल्या होत्या.

आता माझा विषय, बिल. आयसीयूतून दर थोड्या वेळानं औषधांची चिठ्ठी येते, त्यावर "अर्जंट" लिहिलेलं. चार मजले खाली, रांग, परत वर. खरोखर तातडीचं काय आणि उद्या सकाळी लागणार काय याचा फरक चिठ्ठीवर नाही. मी सिस्टरना विनंती केली की बारा तासांची एकत्र यादी द्या. त्यांना ते चाललं, उलट बरं वाटलं. औषधं त्याच दुकानातून घ्यायचं बंधन नसतं, हे हक्कांच्या सनदेतही आहे. मी तातडीचं तिथून घेतलं, बाकीचं बाहेरून, पण प्रत्येक वेळी डॉक्टरांना नाव आणि कंपनी दाखवून. न वापरलेली इंजेक्शनं परत घेतात, फक्त दुकानाची परतीची वेळ दुपारची आणि बिल संध्याकाळी होतं, म्हणजे शेवटच्या दिवसाचं आपल्या अंगावर राहतं. ते मी भांडून बदलून घेतलं. रोजचं बिल रोज मागा. सिरिंज पंप किती लावले, ऑक्सिजन किती तास, हे दुसऱ्या दिवशी आठवतं, दोन आठवड्यांनी आठवत नाही. मला दोन ओळी चुकीच्या सापडल्या. दाखवल्यावर अकाउंटच्या बाईंनी निमूट दुरुस्त केल्या. आमच्या अडतीतही कच्च्या पट्टीत चूक होते, ती त्याच दिवशी निघते.

जीएसटी बघून घ्यावा. जुलै २०२२ पासून रोजचं भाडं ५,००० रुपयांच्या वर असलेल्या खोलीवर ५ टक्के लागतो, पण आयसीयूच्या बेडवर लागत नाही. आणि पाहुण्यांकडून रोख गोळा करून नेत असाल तर लक्षात ठेवा, एकाच ॲडमिशनच्या बिलापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला हॉस्पिटलला कायद्यानं मनाई आहे. आयत्या वेळी काउंटरवर अडून बसलेली माणसं मी बघितली. महात्मा फुले योजनेचं टेबल तळमजल्यावर आहे, आरोग्यमित्र मुलगा चांगला होता. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजमधून मिळतं. म्हणून "योजना आहे का" इतकंच विचारून भागत नाही. आपल्या पेशंटचा उपचार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो, ते पहिल्याच दिवशी, उपचाराचं नाव लिहून नेऊन विचारावं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर हवं.

वॉर्डला तीन गुण का, तेही सांगतो. आयसीयूतून बाहेर काढताना आनंद होतो आणि त्याच दिवशी सगळ्यात जास्त जपावं लागतं. आत दर तासाला बघणारी सिस्टर होती, इथं एका सिस्टरकडं पुष्कळ पेशंट. पहिल्याच संध्याकाळी दाढ ठणकते म्हटल्यावर वेदनाशामक गोळी लिहून आली. मी वहीत साडेबाराच्या बोलण्यातलं एक वाक्य लिहून ठेवलं होतं: रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर असल्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, रक्तस्राव होतो. मी वही दाखवली. ज्युनिअर डॉक्टरनी वर फोन केला आणि ती गोळी खोडून पॅरासिटामॉल लिहिली. रागावले नाहीत, उलट बरं केलंत म्हणाले. नातेवाइकांना नीट माहिती देणं म्हणजे केवळ धीर देणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रसंग बघावा. आयसीयूतल्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं म्हणून वॉर्डमधली ती गोळी तिच्या पोटात गेली नाही.

डिस्चार्जच्या दिवशी कार्डिओलॉजिस्ट सरांनी आम्हा दोघांना समोर बसवून घेतलं. दात काढणं, इंजेक्शन, कुठलंही छोटं ऑपरेशन, काहीही असो, ही गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. साध्या दाढेसाठी ती बहुतेक वेळा बंद करावीच लागत नाही. मेथी, पालक, शेपू यांत के जीवनसत्त्व असतं, त्यानं गोळीचा परिणाम कमी होतो. पण म्हणून भाजी सोडायची नाही, रोज साधारण सारखी खायची. बायकोनं विचारलं, "गावाकडनं भाजी आली की मग चार दिवस तीच असते, त्याचं काय?" सर हसले नाहीत. म्हणाले, "शेजारी वाटा, आणि आठवड्यात आयएनआर करा." काढे, जडीबुटीच्या पुड्या, कुणी दिलेलं अँटिबायोटिक, सगळं आधी विचारून.

आयएनआरसाठी आता तिथंच जातो. सकाळी आठच्या आधी गेलं तर गर्दी नसते, रक्त देऊन मी दुकानावर जाऊ शकतो. रिपोर्ट दुपारी मोबाइलवर येतो आणि डोस बदलायचा असेल तर विभागातली सिस्टर स्वतः फोन करून सांगते, वहीत लिहिलं का तेही विचारते. एकदा फोन आला नाही तेव्हा संध्याकाळी आम्ही केला, तर रिपोर्ट दुसऱ्या फाइलला लागला होता. तेव्हा संध्याकाळची गोळी घ्यायच्या आधी फोन आला नसेल तर आपण करायचा. विभागाचा नंबर डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो, तो पेनानं मोठा करून फ्रीजवर चिकटवा.